२००६ची कॅरेरा एस घ्यावी का? एका इंजिनाची तपासणी

गाडी पोर्शे ९११ कॅरेरा एस, मॉडेल वर्ष २००६. ३.८ लिटरचं सहा सिलिंडरांचं इंजिन, ३५५ हॉर्सपॉवर, मॅन्युअल गिअर, ६१,००० मैल चाललेली. मागणी ४१,५०० डॉलर. विक्रेता शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरातला, गाडीचा दुसरा मालक. घेणारा माझा मावसभाऊ, राहायला तिथूनच जवळ. गाडीसाठी त्याने ४२,००० डॉलर साठवले होते आणि ‘काही निघालंच तर’ म्हणून आणखी ८,०००. भावजयीची अट एकच होती: या पन्नास हजारांपलीकडे घरखर्चातला एक डॉलरही गाडीवर जाणार नाही. अट ऐकून तो जरा हिरमुसला होता, पण पुढे जेवढे हिशेब मांडले ते सगळे त्या एका अटीभोवतीच फिरले.

मी डिझेल इंजिनांच्या धंद्यातला. शिक्षण कोल्हापूरला झालं, नोकरी इंडियानात. त्यामुळे नात्यागोत्यात कुणाचीही गाडी खोकली की फोन मला येतो. त्याचा पहिला प्रश्न असा होता: “दादा, आयएमएस बदललेलं नाही म्हणतो विक्रेता. सोडून देऊ का?”

आयएमएस म्हणजे इंजिनातला एक मधला शाफ्ट, आणि बदलायचं म्हणतात ते त्याचं बेअरिंग. जुन्या पोर्शेच्या बाजारात थोडा जरी फिरलेला माणूस हाच प्रश्न आधी विचारतो. प्रश्न चांगला आहे, फक्त तो या गाडीचा नाही. कसं ते कळायला इंजिनाचा थोडा इतिहास सांगावा लागेल.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला पोर्शे तोट्यात होती. हवेने थंड होणारं जुनं इंजिन बनवायला महाग, आणि धुराच्या व आवाजाच्या नव्या नियमांत बसवायला अवघड. म्हणून कंपनीने पाण्याने थंड होणारं नवं इंजिन आणलं, त्याचं नाव एम९६. ते आधी १९९६ साली बॉक्स्टर या पोर्शेच्या धाकट्या गाडीत आलं आणि १९९७ साली ९११च्या ९९६ या पिढीत. सिलिंडर आडवे, तीन एका बाजूला, तीन दुसऱ्या. मधल्या क्रँकशाफ्टकडून दोन्ही बाजूंच्या कॅमशाफ्टपर्यंत गती पोचवायला खाली एक मधला शाफ्ट असतो. आयएमएस म्हणतात तो हाच. जुन्या इंजिनात हा शाफ्ट साध्या बेअरिंगवर, दाबाने येणाऱ्या ऑइलवर फिरत असे. नव्यात फ्लायव्हीलच्या टोकाला ग्रीस भरलेलं, दोन्ही बाजूंनी सीलबंद बॉल बेअरिंग बसवलं. वर्षं गेली की सील कडक होतं, ग्रीस धुऊन जातं, आत थोडं ऑइल शिरतं पण ते खेळतं राहत नाही. मग गोळे झिजतात, शाफ्ट जागचा हलतो, चेनचं टायमिंग सुटतं आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. तिथून पुढे दुरुस्तीचा विषय उरत नाही, इंजिनच जातं.

आता यात तीन पिढ्या आहेत, आणि सगळी गंमत इथेच आहे. सुरुवातीच्या गाड्यांत दोन ओळी गोळ्यांचं बेअरिंग होतं. साधारण २००० सालापासून २००५ पर्यंत एका ओळीचं, आणि लहान. २००६ ते २००८च्या गाड्यांत पुन्हा एकाच ओळीचं, पण बरंच मोठं. बदनाम झालं ते मधलं. अमेरिकेत त्यावर ग्राहकांनी सामूहिक दावा लावला आणि २०१३ साली कॅलिफोर्नियाच्या फेडरल कोर्टात तडजोड झाली. ती ४ मे २००१ ते २१ फेब्रुवारी २००५ या काळात बनलेल्या बॉक्स्टर आणि ९११ गाड्यांपुरती होती. त्या दाव्याच्या संदर्भात सर्वत्र सांगितला जाणारा आकडा असा: लहान एकेरी बेअरिंगमध्ये सुमारे ८ टक्के बिघाड, दुहेरीत १ टक्क्याच्या आसपास.

आमच्यासमोरची गाडी २००६ची, म्हणजे मोठ्या बेअरिंगची. हे बेअरिंग इंजिनाच्या केसिंगमधल्या भोकापेक्षा मोठं असतं, त्यामुळे इंजिन पूर्ण खोलून केसिंगचे दोन भाग वेगळे केल्याशिवाय ते बाहेर येतच नाही. अर्थात विक्रेत्याने ते बदललेलं नसणार. बदललंय असं म्हणाला असता तर मी जास्त सावध झालो असतो, कारण त्याचा अर्थ एक तर इंजिन केव्हातरी पूर्ण उघडलं गेलंय किंवा माणसाला आपण काय बोलतोय ते माहीत नाही. २००५च्या गाड्यांत मात्र दोन्ही प्रकार सापडतात. तिथे इंजिन नंबर बघावा लागतो, किंवा गिअरबॉक्स खाली उतरला की बेअरिंगच्या मधला नट: १३ मिलिमीटरचा असेल तर लहान, २२चा असेल तर मोठं.

म्हणजे विक्रेता ज्याची कबुली देत होता आणि भाऊ ज्याला घाबरत होता, ते दुखणं दुसऱ्याच गाडीचं होतं. या भीतीवर एक अख्खी बाजारपेठ उभी आहे, सुधारित बेअरिंगं विकणाऱ्यांची. त्यांचा माल चांगला नाही असं मला म्हणायचं नाही. २००३ची बॉक्स्टर घेणाऱ्याने क्लच बदलताना ते बेअरिंग बदलून घ्यावंच, त्या एका गिअरबॉक्स उतरवण्यात दोन्ही कामं होतात. पण ज्या जोखमीचं नाव सगळ्यांना माहीत असतं ती किमतीतून आधीच वजा झालेली असते. घासाघीस तिच्यावर होते, जाहिरातीत तिचा उल्लेख असतो. ज्या जोखमीचं नाव निघत नाही ती पूर्ण किमतीत गळ्यात पडते.

या गाडीत ती दुसरी जोखीम सिलिंडरच्या भिंतीत होती.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात वाढलेल्या माणसाला बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, हा शब्द नवा नाही. बीडाचा ब्लॉक, सिलिंडर झिजला की बोरिंग करून थोडा मोठा पिस्टन टाकायचा, हॉनिंग करायचं, म्हणजे भिंत घासून तिच्यावर बारीक तिरप्या रेघा पाडायच्या, की गाडी पुन्हा रस्त्यावर. पोर्शेच्या या इंजिनात ते चालत नाही. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, आणि त्यात सिलिंडरच्या जागी सिलिकॉनचं प्रमाण जास्त असलेला एक पोकळ दंडगोल ओतकामाच्या वेळीच बसवलेला असतो. वितळलेलं ॲल्युमिनियम त्याच्या छिद्रांत शिरतं. या पद्धतीचं नाव लोकासिल. हॉनिंगनंतर सिलिकॉनचे कडक कण पृष्ठभागावर उघडे होतात आणि पिस्टनच्या रिंगा त्यांच्यावरून घसरतात. पिस्टनही ॲल्युमिनियमचा असतो. ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम घासलं तर चिकटतं, म्हणून पिस्टनच्या स्कर्टवर, म्हणजे खालच्या बाजूवर, लोहाचा थर देतात. आधीच्या पिस्टनवर तो थर धातूचा होता, नंतरच्यांवर लोहाचे कण मिसळलेला, छापल्यासारखा दिलेला प्लास्टिकचा लेप आला. हा लेप उडाला की पिस्टन उघडा पडतो, सिलिकॉनचे कण भिंतीतून सुटतात, आणि सुटलेला कण पॉलिश पेपरचं काम करतो. भिंतीवर उभे ओरखडे पडतात. याला बोअर स्कोअरिंग म्हणतात.

हे कुठे जास्त होतं? ३.८ लिटरच्या इंजिनात. कॅरेराच्या ३.६ लिटरच्या इंजिनाचा बोअर ९६ मिलिमीटर, एसचा ९९. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, दोघांचा एकच, ८२.८. म्हणजे जास्तीची ताकद बोअर वाढवून काढली आहे. सहापैकी चार, पाच आणि सहा या बाजूचे सिलिंडर आधी जातात, त्यातही सहावा. इंजिन बांधणारे त्याचं कारण असं सांगतात की या बाजूला पिस्टनचा जोर सिलिंडरच्या वरच्या भिंतीवर येतो, आणि आडव्या इंजिनात गाडी उभी असताना ऑइल वरच्या भिंतीवरून निथळून खाली जातं. थंड इंजिन, जाड झालेलं ऑइल, सुरुवातीला जास्त सोडलं जाणारं आणि भिंतीवरचं ऑइल धुऊन नेणारं पेट्रोल, आणि इंजिन पुरतं तापायच्या आत पुन्हा बंद. मिडवेस्टमधला हिवाळा आणि रोजची चार मैलांची नोकरी हे त्याचं आदर्श हवामान.

कागद मागवले तेव्हा पहिला मालक मिनियापोलिसचा निघाला. गाडी गॅरेजमध्ये ठेवलेली, अपघात नाही, सर्व्हिस वेळेवर, सगळ्या पावत्या क्रमाने लावलेल्या. जाहिरातीत शोभावा असा इतिहास. पण गाडीच्या कंप्युटरमधून एक आकडा काढता येतो ज्याकडे फार थोडे घेणारे बघतात: इंजिन एकूण किती तास चाललं. या गाडीचे तास होते २,६५०. ६१,००० मैलांना भागा. सरासरी वेग ताशी २३ मैल. अमेरिकेत, जिथे हायवेवर सत्तरने गाड्या जातात, तिथे २३ची सरासरी म्हणजे सिग्नल, पार्किंग आणि गाडी गरम करत उभं राहणं. कमी मैल म्हणजे कमी झीज, ही सगळ्या घेणाऱ्यांची समजूत. या इंजिनाच्या बाबतीत ते गणित बऱ्याचदा उलटं पडतं. मायलेज बघून गाडी निवडणाऱ्याचं मला म्हणूनच नवल वाटतं. तोच कंप्युटर तासही सांगतो, विचारायचे कष्ट तेवढे घ्यावे लागतात.

गाडी बघायला गेलो तेव्हा इंजिन आधीच गरम होतं. विक्रेता म्हणाला, पेट्रोल भरून आणली. असेल. यात कट शोधण्याची गरज नाही, पण थंड इंजिन सुरू होताना बघायचं राहून गेलं, म्हणून पुढच्या वेळेला ‘सकाळी हात लावू नका’ असं सांगून गेलो. खरं तर दोन्ही लागतं. थंड सुरुवातीला निळा धूर आणि चेनचा खडखडाट कळतो, ओरखड्यांचा टकटक आवाज मात्र इंजिन पुरतं तापल्यावर, एकाच बाजूने येतो. टॅपेटचा आवाज समजून लोक तो सोडून देतात. मला तेव्हा तो ऐकू आला असं म्हणता येणार नाही. सायलेन्सरच्या एका बाजूच्या नळ्यांवर दुसरीपेक्षा जास्त काजळी होती, एवढं दिसलं. ऑइल किती खाते विचारल्यावर विक्रेता म्हणाला, “पोर्शे सगळ्याच खातात.” हे वाक्य खरं आहे आणि म्हणूनच निरुपयोगी आहे. हजार मैलांना किती, हा प्रश्न. त्याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं, कारण कमी झालं की तो नुसतं टॉप-अप करायचा.

त्याच्याकडे एक तपासणीचा अहवाल होता, त्याने स्वतः गाडी घेतली त्या वेळचा. टायरची खोली, ब्रेक पॅडचे मिलिमीटर, वायपर, बॅटरी. इंजिनासमोर ‘गळती नाही, आवाज सामान्य’. खरेदीपूर्व तपासणी म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंचसं असंच असतं. त्यात खोटं काही नाही. पण ज्या ठिकाणी तीस हजारांचा प्रश्न आहे तिथे टॉर्च मारलेलाच नसतो.

आम्ही मागितलं ते वेगळं होतं: इंजिनाखालचं सम्पचं, म्हणजे ऑइल साठतं त्या भागाचं, झाकण उघडायचं आणि खालून, पिस्टन वर असताना, बोअरस्कोपने, म्हणजे बारीक नळीच्या कॅमेऱ्याने, सिलिंडरच्या भिंती बघायच्या. स्पार्क प्लगच्या भोकातून वरूनही बघता येतं आणि ते स्वस्तात होतं, पण ओरखडे बऱ्याचदा खालच्या भागात सुरू होतात आणि वरून निसटतात. खालून बघायला ऑइल काढावं लागतं, झाकणाला नवं सीलंट लावून ते सुकेपर्यंत गाडी उभी ठेवावी लागते. विक्रेता आधी तयार नव्हता. त्याची बाजूही समजण्यासारखी आहे. अनोळखी माणूस येतो आणि आपल्या चालू इंजिनाचं पोट उघडा म्हणतो. शेवटी आम्ही सगळा खर्च देऊ, नवं ऑइल आणि फिल्टरही आमच्याकडून, असं लेखी दिल्यावर तो हो म्हणाला. बिल झालं ७५० डॉलर.

प्लगच्या भोकातून सहाही सिलिंडर ठीक दिसले. खालून पाहिल्यावर एक ते पाचमध्ये हॉनिंगच्या तिरप्या रेघा शाबूत होत्या. सहाव्यात वरच्या भिंतीवर बोटभर रुंदीचा पट्टा, त्यात उभे करडे ओरखडे, आणि तिरप्या रेघा पुसलेल्या.

फोटो पाहून विक्रेत्याचा चेहरा पडला. त्याला खरोखर माहीत नव्हतं. दोन दिवसांनी त्याचा फोन आला, ३३,०००ला देतो. आणि इथे भाऊ डगमगला. गाडी तर मस्त पळते, साडेआठ हजार सुटतात, ऑइल टाकत चालवू की.

हा विचार वेडा नव्हे, म्हणून त्याचा हिशेब नीट मांडला. ओरखडे पडलेलं इंजिन उद्या बंद पडत नाही. टकटक करत, ऑइल पीत ते काही वर्षंही चालतं. पण ते बरं होत नाही, आणि कधीतरी काम निघणारच. दोन इंजिन बांधणाऱ्यांकडे विचारलं. इंजिन उतरवून, ब्लॉक मशीन करून, निकेल-सिलिकॉनचा मुलामा दिलेल्या नव्या स्लीव्ह बसवून, नव्या पिस्टनांसह परत गाडीत घालायचे २६,००० ते ३२,०००. हिशेबाला २८,००० धरले. ३३ आणि २८ मिळून ६१,०००, म्हणजे भावजयीच्या रेषेच्या अकरा हजार पलीकडे. उलट बाजूने बघा: निरोगी गाडी ४१,५००ची असेल तर ही गाडी १३,५००ची. त्या भावात कुणी देणार नाही, देऊही नये, कारण अजून पळणारी गाडी आहे. पण मागितलेला आणि खरा भाव यांच्यातलं वीस हजारांचं अंतर कुणाच्या तरी खिशातून जाणार होतं. आणि विकायची वेळ आली की पुढचा घेणाराही सम्प उघडा म्हणेल. फोटो काढून झाल्यावर ते न पाहिल्यासारखं करता येत नाही. गाडी सोडली.

सोडल्यावर काय, हा प्रश्न होताच. त्याच्या मनात दुसरा पर्याय होता बीएमडब्ल्यूची एम३, २००८ ते २०१३ची, चार लिटरचं व्ही८ इंजिन, ४१४ हॉर्सपॉवर, मिनिटाला आठ हजारांच्या वर फेऱ्या घेणारं. तिचं नाजूक अंग म्हणजे कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं. ती सम्प उघडल्याशिवाय दिसत नाहीत, पण साधारण तीन हजार डॉलरांत सगळी बदलून घेता येतात. इंजिन उतरवावं लागत नाही. जोखीम म्हणून मला ती पोर्शेपेक्षा सोपी वाटते, कारण पैसे टाकून ती पुसता येते. ओरखड्यांचं तसं नाही: ते आज आहेत की नाहीत ते पक्कं कळतं, पण उद्या पडू नयेत याची स्वस्तातली हमी कुणी देत नाही. मोठ्या आयएमएस बेअरिंगचं तर दोन्ही नाही, आधी दिसतही नाही आणि सहज बदलताही येत नाही. त्याच्या बाजूने एवढंच की ते जाण्याची उदाहरणं फार कमी आहेत. कुठल्याही गाडीबद्दल ‘इंजिन भरवशाचं आहे का’ असं एका दमात विचारण्यापेक्षा दिसतं का आणि पुसता येतं का, हे वेगवेगळं विचारलेलं बरं. एम३ मात्र भावाच्या मनात भरली नाही. मागे बसवलेल्या इंजिनाचं वेड त्याला लागलं होतं आणि वेडाला तक्ता दाखवून उपयोग नसतो.

तिसरा पर्याय सगळ्यात शहाणा होता: २००९ची किंवा पुढची ९११. त्या वर्षापासून पोर्शेने इंजिनच बदललं. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणारं, मधला शाफ्ट नसलेलं, म्हणजे आयएमएसचा विषयच संपला. सिलिंडरच्या भिंतीही वेगळ्या पद्धतीच्या. सुरुवातीच्या वर्षांत जास्त दाबाचा पेट्रोल पंप त्रास देतो, पण पंप हा पंप आहे, बदलता येतो. अडचण किमतीची. आम्ही बघत होतो त्या सुमारास चौदा-पंधरा हजार डॉलर जास्त. हे पैसे पाण्यात जात नाहीत, गाडी विकताना बरेचसे परत येतात, हे भावाला मी परोपरीने सांगितलं. मलाच विचाराल तर ज्याच्याकडे ते पंधरा हजार आहेत त्याने बाकीचं सगळं वाचू नये, २००९ची गाडी घ्यावी. त्याच्याकडे नव्हते. कर्ज काढून छंदाची गाडी घेणं घरात कुणालाच मान्य नव्हतं.

मग शोध उलटा केला. मॉडेल ठरवून कमी मैलांची गाडी शोधण्याऐवजी लहान बोअरचं इंजिन, उबदार प्रदेश, लांब पल्ल्याचा वापर, आणि सम्प उघडू देणारा मालक अशा क्रमाने. मिळाली ती टेक्सासमध्ये, ऑस्टिनजवळ. २००७ची साधी कॅरेरा, ३.६ लिटर, ३२५ हॉर्सपॉवर, ८४,००० मैल, मागणी ३६,५००. भाऊ नाराज होता. एस नाही, मैल जास्त, उन्हाने डॅशबोर्डचं चामडं आक्रसलेलं. पण इंजिनाचे तास होते २,१५०. भागाकार केला तर ताशी ३९ मैल. पहिल्या गाडीपेक्षा २३,००० मैल जास्त चालूनही या इंजिनाने पाचशे तास कमी काढले होते, आणि तेही बहुतेक गरम, हायवेवर.

तिथल्या एका स्वतंत्र मेकॅनिककडून ७०० डॉलरांत तपासणी करून घेतली, आधी ठरवल्याप्रमाणे खालून. सहाही सिलिंडरांत तिरप्या रेघा स्वच्छ. ऑइल फिल्टर कापून घड्या उलगडून पाहिल्या. चुंबकाला चिकटणारी चकाकी नाही, चेन गाइडच्या तपकिरी प्लास्टिकचे दोन बारीक तुकडे होते, या वयात तेवढे चालतात. शिवाय कंप्युटरमधून ओव्हर-रेव्हची नोंद काढली. इंजिन ठरलेल्या वेगाच्या पलीकडे फिरवलं गेलं की त्या काळात किती ठिणग्या पडल्या ते हा कंप्युटर सहा पायऱ्यांमध्ये मोजून ठेवतो, शेवटचा प्रकार कितव्या तासाला झाला त्यासकट. खालच्या पायऱ्यांत आकडे बऱ्याचदा असतात, ॲक्सिलरेटर दाबून लाल रेषेपर्यंत नेलं की ते पडतात. वरच्या पायऱ्यांना कारण एकच: मॅन्युअल गाडीत घाईने चुकीचा खालचा गिअर टाकणं. तिथे फेऱ्या आवरणारा लिमिटरही वाचवत नाही, कारण इंजिनाला चाकं फिरवत असतात. या गाडीत चौथ्या पायरीत थोड्या ठिणग्या होत्या, ८१२व्या तासाच्या. पाच आणि सहा रिकाम्या. त्यानंतर इंजिन तेराशेहून जास्त तास सुरळीत चाललेलं, तेव्हा काही वाकायचं असतं तर केव्हाच कळलं असतं. टिपट्रॉनिक म्हणजे ऑटोमॅटिक गाडीत ही काळजी जवळजवळ नसते, आणि तिला भावही कमी असतो. भावाला सुचवून पाहिलं. त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

राहिला पुढच्या जोखमीचा हिशेब. पुढच्या पाच वर्षांत ओरखडे पडण्याची शक्यता मी ५ टक्के धरली, बेअरिंगची १ टक्का. हे आकडे अंदाजाचे आहेत, कुठल्या सर्वेक्षणाचे नव्हेत. उबदार प्रदेशातली गाडी शिकागोत आणायची, म्हणून मुद्दाम सढळ धरले. एकूण ६ टक्के गुणिले २८,००० म्हणजे १,६८०, वर्षाला साधारण ३३६ डॉलर. गाडीचा विमा याहून महाग पडतो. पण या सरासरीत फसण्यासारखं एक आहे: ३३६चं बिल कधीच कुणाला येत नाही. येतं ते शून्याचं किंवा अठ्ठावीस हजारांचं. म्हणून भावजयीसमोर प्रश्न असा ठेवला की ते अठ्ठावीस हजारांचं बिल आलंच तर काय करायचं. तिने तिथल्या तिथे ठरवलं. इंजिन गेलं तर दुरुस्ती नाही. गाडी आहे त्या अवस्थेत विकायची. इंजिन गेलेल्या ९११लाही गिऱ्हाईक असतं, सुट्या भागांना तर असतंच. म्हणजे तोट्याची मर्यादा गाडीच्या किमतीएवढी, आणि घराला हात नाही. मी दोन संध्याकाळी तक्ते भरले होते, त्यातलं सर्वात कामाचं वाक्य तिचं होतं.

३५,०००ला सौदा झाला. ट्रकवरून शिकागोला आणायचे १,१००. क्लच संपत आला होता, म्हणून आल्या आल्या गिअरबॉक्स उतरवला. मधला नट २२चा निघाला, अपेक्षेप्रमाणे. मेकॅनिकला सांगून बेअरिंगचं बाहेरचं सील काढून टाकलं, म्हणजे वाळत चाललेल्या ग्रीसऐवजी इंजिनाचं ऑइल आत-बाहेर खेळेल. त्याच वेळी क्रँकशाफ्टच्या मागचं सील बदललं. ते गळतं ते फक्त गॅरेजची फरशी खराब करतं, पण हात पोचतोय तर बदलावं. पाण्याचा पंप, चुंबक असलेला ड्रेन प्लग, कमी तापमानाला उघडणारा थर्मोस्टॅट. पुढच्या रेडिएटरांत टेक्सासचा पालापाचोळा ठासून भरला होता, तो काढला. या सगळ्याचे ४,२००. दोन्ही तपासण्या धरून एकूण ४१,७५०, आणि हाती राहिले ८,२५०.

पुण्याहून मावशीने विचारलं, परत याल तेव्हा गाडी आणता येईल का? नाही येणार. स्टीअरिंग डावीकडे, आणि तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी भारतात आयात करू देत नाहीत. भावाने तिला हे सांगितलं तेव्हा तिला बरंच वाटलं असावं.

आता नियम असे ठरलेत. इंजिन पुरतं तापेपर्यंत मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या वर फिरवायचं नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला ही गाडी काढायची नाही, त्यासाठी टोयोटा आहे. कडाक्याच्या थंडीत ती गॅरेजमध्येच. ऑइल दर पाच हजार मैलांनी किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल ते, आणि प्रत्येक वेळी फिल्टर कापून बघायचा. दर हजार मैलांना किती ऑइल घातलं ते एका वहीत लिहायचं. ते वाढू लागलं तर पुन्हा सम्प उघडायचा.

पहिल्या ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला त्याचा अहवाल आलाय. लोह आणि ॲल्युमिनियम कमी आहे. सिलिकॉन थोडं वर आहे, आणि भावाने घाबरून मला तो रात्री अकराला पाठवला. सिलिकॉन सिलिंडरच्या भिंतीतून येऊ शकतं, एअर फिल्टरमधून गेलेल्या धुळीतून येऊ शकतं, आणि सम्पच्या झाकणाला नुकतंच लावलेल्या सीलंटमधूनही येतं. भिंत झिजत असती तर ॲल्युमिनियम आणि लोहही सोबत वर गेलं असतं. म्हणून तूर्त मी सीलंटवर संशय ठेवलाय. पुढचा नमुना तीन हजार मैलांनी घ्यायचा ठरलाय. तोवर नवा एअर फिल्टर बसवून झालाय, आणि वहीतल्या पहिल्या हजार मैलांसमोर पाव लिटर लिहिलंय.